अर्धी गोळी, चिंच आणि रात्रीचं रक्त

खडू_डस्टर (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात आमच्या गावात हत्तीरोगाच्या गोळ्या झाल्या. हातावर टेकवून पुढच्या घरी गेले असं नाही, समोर उभं राहून खायला लावल्या. आशाताईंनी ओसरीत भिंतीला पट्टी लावून सगळ्यांची उंची मोजली, कारण आयव्हरमेक्टिन उंची पाहून देतात. मग डीईसी या हत्तीरोगाच्या जंतांवरच्या औषधाच्या तीन आणि वर एक अल्बेंडाझोल, ती चावून खायची. शेजारची बारावीतली पोरगी, माझीच विद्यार्थिनी, गोळी तळहातावर उलटीपालटी करत होती. म्हणाली, "सर, ह्या शोधल्या कोनं?"

तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून मला बावीस वर्षं झाली. उत्तर आलं नाही. "असेल एखादी कंपनी" म्हणून वेळ मारून नेली आणि रात्री शोधत बसलो.

डीईसी १९४७ ची. अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत ती निघाली तेव्हा तिथल्या संशोधनाचा प्रमुख होता यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचा. फिस्के-सुब्बाराव पद्धतीनं फॉस्फरस मोजतात ना, तो हाच सुब्बाराव. पद्धत मी वर्गात कितीदा सांगितली असेल, माणूस एकदाही नाही. आयव्हरमेक्टिनचं मूळ जपानच्या मातीतल्या एका जिवाणूत. त्यासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं.

हे वाचता वाचता मी भलत्याच माणसापाशी पोचलो. मॅथ्यू टॉड. आधी सिडनी विद्यापीठात होता, आता लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहे. तो हत्तीरोगावर नाही, शिस्टोसोमियासिसवर काम करत होता. गोगलगायींमधून पाण्यात आणि पाण्यातून माणसाच्या कातडीत शिरणारा जंत, आफ्रिकेत कोट्यवधी लोकांना होतो. त्यावर मुख्य औषध एकच, प्राझिक्वांटेल. स्वस्त आहे, पण ६०० मिलिग्रॅमची भलीमोठी गोळी आणि कडू जहर.

गंमत अशी की त्या गोळीतलं अर्धंच औषध कामाचं. चपलेच्या जोडासारखं समजा. डावी आणि उजवी, माल तोच, शिवण तीच, पण उजव्या पायात डावी जात नाही. प्राझिक्वांटेलच्या रेणूचे असेच दोन हात आहेत. एक जंत मारतो. दुसरा जंताला काही करत नाही, उलट कडूपणा जास्त त्याचाच. कारखान्यात मात्र दोन्ही एकत्रच तयार होतात. लेकरं गोळी थुंकतात ती या बिनकामाच्या अर्ध्यापायी.

कामाचा हात तेवढा वेगळा काढायचा, आणि तोही गरीब देशाला परवडेल अशा भावात, हा प्रश्न टॉडच्या गटानं सरळ जालावर मांडला. प्रयोगवही उघडी ठेवली. आज काय केलं, काय बिघडलं, कोणता लगदा फेकून दिला, सगळं कोणीही वाचावं. त्यांच्या डोक्यात होतं की खास उत्प्रेरक शोधायचा आणि पहिल्यापासून एकच हात बनवायचा. वाचणाऱ्यांतल्या कारखानदारी रसायनज्ञांनी सांगितलं, एवढा खटाटोप कशाला, दोन्ही बनवा आणि मग स्फटिक करून वेगळे करा. त्यासाठी जे आम्ल लागलं ते टार्टरिक आम्लापासून बनवलेलं. टार्टरिक, म्हणजे आपल्या चिंचेतलं! २०११ मध्ये हे छापून आलं.

तर विचारायचं असं: आपल्यापैकी कोणी अशा उघड्या प्रकल्पात काम केलंय का? आमच्या बारावीच्या पोरांना यात कुठून शिरता येईल?

झाडीपट्टी_एक्सप्रेस

सर, मस्त लिहिलं. आमच्या साकोलीकडे गोळीचं नाव काढलं की अर्धा मोहल्ला वावरात पळते. चपलेचं उदाहरण आवडलं, पण मले सांगा, रेणू तर सारखाच, मग जंताले कसं समजते डावा कोणता न उजवा कोणता?

खडू_डस्टर

जंताच्या अंगातली प्रथिनंही एकाच हाताची असतात, म्हणून. कुलूप उजवं असेल तर डावी किल्ली फिरत नाही. पाश्चरनं १८४८ मध्ये टार्टरिकच्याच एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली धरून चिमट्यानं डावे-उजवे निवडले होते. तांदळातले खडे निवडावे तसे.

गुरांचा_डॉक्टर

प्राझिक्वांटेल फार परदेशी वगैरे समजू नका. कुत्र्याच्या जंताच्या गोळीत तेच असतं, तालुक्याच्या कोणत्याही मेडिकलमध्ये मिळेल. कडूपणाचं मला विचारा. गावठी कुत्रं उकिरड्यावरचं काय काय खातं, पण ही गोळी पोळीत गुंडाळून दिली तर पोळी खातं आणि गोळी शिस्तीत बाजूला काढून ठेवतं. गुळात चालते कधीकधी.

कोकणी_फणस

विदर्भाच्या धाग्यात कोकण घुसवतो, रागावू नका. भारतात शिस्टोसोमियासिस नाही असं सरसकट म्हणतात, पण आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याची लागण सापडली होती. गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आजीच्या तोंडी गिमवीचं नाव होतं, पुढे वैद्यकीयला गेल्यावर पुस्तकात दिसलं तेव्हा अंगावर काटा आला.

प्रोसेसवाला_पुणे

मी औषध कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंटला आहे, म्हणून थोडं थंड पाणी ओततो.

एक, रेझोल्यूशन म्हणजे हे डावं-उजवं वेगळं करणं आमचं रोजचं काम. टॉडच्या प्रकल्पात कंपन्यांतली माणसं धावून आली यात मला नवल वाटत नाही. विद्यापीठातल्या माणसाला नवं काहीतरी शोधायचं असतं, आम्हाला किलोमागे किती पडेल ते दिसतं. त्यात वेगळा काढलेला चुकीचा हात फेकून दिला तर निम्मा माल गेला. तो पुन्हा मिश्रणात फिरवून वापरता आला तरच हिशेब बसतो. आणि हे सांगायला हवं की त्याच काळात एका कंत्राटी कंपनीनंही दुसरी वाट काढली होती. दोन्ही वाटा एकाच निबंधात छापल्या आहेत. म्हणजे उघडं काम जिंकलं आणि बंद काम हरलं, अशी गोष्ट रंगवू नका.

दोन, टॉडचाच ओपन सोर्स मलेरिया हा प्रकल्प. एका मोठ्या कंपनीनं २०१० मध्ये मलेरियाच्या जंतूवर चालणारी तेरा हजारांवर संयुगं खुली केली आणि त्यातली काही घेऊन यांनी काम सुरू केलं. नियम फार छान आहेत: सगळी माहिती खुली, कोणीही यावं, पेटंट नाही, टीका करायची तर सुचवणी देऊन करा. पण बाजारात औषध आलंय का? नाही. माणसांवरच्या चाचण्यांचा खर्च प्रयोगवही उघडी ठेवून भागत नाही. पेटंट नाही तर पैसा लावणार कोण?

तीन, मधली वाटही आहे. डीएनडीआय ही ना-नफा संस्था २००३ पासून काम करते. फेक्सिनिडाझोल हे संयुग एका कंपनीनं कधीच अडगळीत टाकलं होतं. यांनी ते शोधून काढलं, निद्रारोगावर (आफ्रिकेतला, माशी चावून होणारा जीवघेणा आजार) चाचण्या केल्या आणि २०१८ मध्ये युरोपच्या औषध नियामकानं त्याला हिरवा कंदील दिला. नुसत्या गोळ्या, सलाइन नाही. भागीदार मात्र कंपनीच.

खडू_डस्टर

मान्य. माझा मुद्दा औषध निघालं की नाही एवढाच नाही. फसलेला प्रयोग लोकांपुढे ठेवायचा, ही हिंमत मला मोठी वाटली. आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या वहीत प्रत्येक प्रयोगाचं उत्तर बरोबर असतं. टायट्रेशनचं रीडिंग तिन्ही वेळा एकच! पोरांना तसं लिहायला मीच शिकवलंय.

पराटी

सर, तिसरं रीडिंग कसं आणायचं ते मीपण तुमच्यासारख्याच कोण्या सरांकडून शिकली. :)

उघड्या प्रकल्पाचं विचारलं म्हणून सांगते. सीएसआयआरनं, म्हणजे सरकारी विज्ञान संशोधन परिषदेनं, २००८ मध्ये ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी सुरू केलं होतं, क्षयरोगासाठी. समीर ब्रह्मचारी तेव्हा महासंचालक होते. क्षयाच्या जिवाणूची सुमारे चार हजार जनुकं विद्यार्थ्यांत वाटून, त्यांच्यावर आजवर काय काय छापलंय ते शोधून नोंदवायचं. मी तेव्हा नागपूरला एमएस्सीला होती, होस्टेलच्या कॉम्प्युटरवर बसून काही जनुकं केली. दिवसा लोडशेडिंग, म्हणून रात्री एक ते चार. पहिल्यांदा वाटलं की आपण लिहिलेलं कोणीतरी खरंच वाचणार आहे. पण जे निबंध वाचायचे त्यातले निम्मे पैसे भरल्याशिवाय उघडत नव्हते. खुल्या प्रकल्पात काम करायला बंद दारं ठोठवत फिरायचं.

बारावीच्या पोरांसाठी: सिडनीतल्याच एका शाळेच्या मुलांनी २०१६ मध्ये डाराप्रिम या परजीवींवरच्या गोळीचं औषधद्रव्य शाळेच्या प्रयोगशाळेत बनवलं होतं. अमेरिकेत एका कंपनीनं त्या गोळीचा भाव २०१५ मध्ये साडेतेरा डॉलरवरून एकदम ७५० वर नेला होता ना, तीच. मुलांना मार्गदर्शन टॉडच्या गटाचं आणि वही उघडी. तुमच्या प्रयोगशाळेत ते करू नका मात्र, धूर ओढणारी कपाटं नसतील.

खडू_डस्टर

धूर ओढायला आमच्याकडे दोन खिडक्या आहेत. एकीचं तावदान फुटलेलं आहे, तीच जास्त चांगली चालते.

गावची_आशा

मी दोन दिसांपासून वाचून रायली. सगळे शिकलेले लोक दिसता. मी दहावी. पण त्या गोळ्या खाऊ घालणारी मी हाय, तर मले बोलू द्या.

तुमी म्हनता गोळी कडू, लेकरू थुंकते. आमच्या इकडं मोठे मानसं गालात धरते आन मी वळली का नालीत. कोनी म्हनते उपाशी हाय, कोनी म्हनते मले काई झालंच नाई तर मी काऊन खाऊ. खाल्ल्यावर एकाद्याले ताप येते, डोकं दुखते. मंग सारं गाव म्हनते गोळीनं मानूस पाडला. त्याच्या रक्तातले बारके जंत मेले म्हनून ताप आला, हे समजवता समजवता माही जीभ सुकते.

आन ते खुलं विज्ञान म्हनता ना, त्याचं सांगते. मागच्या साली रातचं रक्त घ्याले टीम आल्ती. हे जंत रातीच रक्तात वर येते, तर आठाच्या नंतरच घ्या लागते. मी घरोघरी फिरली. झोपलेल्या बुढ्याले उठवलं, लेकराच्या मायचं आयकून घेतलं, टॉर्च मी धरला. लोकायनं बोट दिलं. सकाळी मले विचारे, ताई काय निंगालं? मी म्हनो, येते निकाल. आजवर नाई आला. पॉझिटिव्ह असता तर बारा दिसाच्या गोळ्या घेऊन कोनी आलं असतं, म्हंजे निगेटिव्हच असन, असं मीच मनानं लोकायले सांगून रायली. आता औंदा कोनी बोट देते का पाहा.

आमचं रक्त गेलं तो कागद आमच्याचसाठी बंद. मंग लंडनच्या वहीचं काय कवतिक सांगता?

झाडीपट्टी_एक्सप्रेस

ताई, दंडवत. आमच्याकडंही असंच. स्लाइड गेली ते गेली.

नुसता_वाचक

आशाताईंची तक्रार रास्त आहे, पण निकाल उघडा करायचा म्हणजे काय? अमक्याच्या रक्तात जंत निघाले हे गावात कळलं तर त्याच्या पोरीचं लग्न मोडेल. हत्तीपायवाल्या घरात सोयरीक करत नाहीत हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. टॉडच्या वहीत रेणू होते, माणसं नव्हती.

पराटी

म्हणूनच दोन वेगळे कागद पाहिजेत. ज्याचं रक्त त्याचा निकाल त्यालाच, चिठ्ठीत. आणि किती लोकांचं घेतलं, किती निघाले, हा नुसता आकडा साऱ्या गावाला. शंभरात एक किंवा जास्त निघाले तर तिथं सामुदायिक औषध द्यायचं, असा निकष असतो. म्हणजे आपण गोळ्या का खातो याचं उत्तरच त्या आकड्यात आहे. तो आकडा सांगितला तर "मले काई झालं नाई" म्हणणाऱ्याला उत्तर देता येईल.

प्रोसेसवाला_पुणे

हे पटलं. माझ्या तीन मुद्द्यांत हे कुठेच नव्हतं. आशाताई, एक विचारू का? ज्यांचे पाय आधीच सुजलेत त्यांना या गोळ्यांचा काय उपयोग होतो?

गावची_आशा

सूज जात नाई. पुढं दुसऱ्याले लागू नये म्हनून गोळी. सुजलेल्या पायाले धुनं हेच औषध. माह्या गावात एक आत्याबाई हाय, तिचं सांगते. टबात साधं पानी, अंगाचा साबन, घासायचं नाई, हातानं फिरवायचं. मंग बोटायच्या बेचक्या कोरड्या करायच्या. तिथंच सारा खेळ हाय. बेचकीत ओल रायली का चिखल्या होते, चिखल्यातून जखम, जखमेतून थंडी वाजून ताप, आन दर तापाले पाय आनखी वाढते. फडक्याची सुरळी करून एकेका बेचकीतून काढायची, मंग मलम. राती उशीवर पाय. आत्याबाई आधी पातळाखाली पाय झाकून बसे. आता मी गेली का सोताच उलट्या बालटीवर पाय ठेवते, म्हनते, पाह्य व, कोरडा हाय का नाई.

खडू_डस्टर

ताई, चार दिवस तुमचाच प्रतिसाद डोक्यात होता. आपलं सेवाग्राम इथून असं कितीसं लांब आहे? तिथं डॉ. भास्कर हरिनाथ यांनी हत्तीरोगाच्या निदानावर वर्षानुवर्षं काम केलं. जानेवारी २०१९ मध्ये तीन औषधांची मोहीम देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत आधी सुरू झाली त्यात नागपूर होतं. आपल्या मातीवरचं एवढं काम, आणि मी बारावीला शिकवताना उदाहरण द्यायचो ते स्वित्झर्लंडच्या कंपनीचं.

सोमवारी आमच्या गावच्या आकड्यासाठी जाऊन आलो. कुठे ते लिहीत नाही. पहिल्या टेबलावर "वर पाठवलं" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या टेबलावर "तुम्ही कोण?" तिसऱ्या टेबलावरच्या माणसानं मात्र रजिस्टर काढलं, बोटानं ओळ दाखवली आणि म्हणाला, "आजवर कोणी विचारायला आलंच नाही हो." आकडा मिळाला. इथे टाकत नाही. आधी ग्रामसभेत सांगणार, मग इकडे.

दुसरं, जरा हसायचं. त्या पोरीनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी ठरवलं की चिंचेतून टार्टरिक काढायचं. अर्धा किलो चिंच गरम पाण्यात कोळली, फडक्यातून गाळली आणि आम्ल खाली बसावं म्हणून त्यात वर्गातला खडू कुटून टाकला, कारण पुस्तकात चॉक लिहिलं होतं. ढवळलं, रात्रभर ठेवलं. सकाळी चॉकलेटी लगदा. ना स्फटिक, ना काही. पोरगी म्हणाली, "सर, वहीत काय लिहू?" मी म्हणालो, जे झालं तेच. तर तिच्या वहीतलं पान इथे जसंच्या तसं उतरवतो: "खडू टाकला. फेस आला नाही. खाली पांढरं बसलं ते खडूच होतं असं वाटते. वरचं पाणी आंबटच आहे (चाखलं). कारण माहीत नाही."

प्रोसेसवाला_पुणे

"फेस आला नाही" हे लिहिलं म्हणून सापडलं! शाळेचा खडू बहुतेक जिप्समचा असतो, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याची आम्लाशी काही देवाणघेवाण होत नाही. पुस्तकातलं चॉक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते नसेल तर पानटपरीवरचा चुना घ्या, तोही चालेल. फेस मात्र तेव्हाही येणार नाही, म्हणून थोडा थोडा घालत लिटमस पाहत राहा. हाताला लावू नका, डोळ्यात तर अजिबात जाऊ देऊ नका. त्याआधी कोळशाची बारीक पूड टाकून उकळा आणि गाळा, रंग उतरेल. गरम असतानाच चुना घाला. जे पांढरं बसेल ते कॅल्शियम टार्टरेट. त्यापुढची पायरी सौम्य सल्फ्युरिकची आहे, ती सरांनी स्वतः करायची, पोरींनी नाही. आणि यापुढे काहीही चाखू नका!

गुरांचा_डॉक्टर

ज्याच्या नावात खडू, त्यालाच खडूनं फसवलं.

खडू_डस्टर

चुना आणायला पोरगी आत्ताच टपरीवर गेली. टपरीवाल्यानं तिच्या बापाला फोन करून विचारलं म्हणे, पोरगी पान खायला लागली का.

खडू_डस्टर

बसलं. काचेच्या बरणीत तळाला दोन बोटं पांढरं. फेस आला नाही, लिटमस सरकला. पान लिहून घेतलंय, आज रात्री टाकतो. आशाताई, ग्रामसभा शनिवारी चारला आहे. आत्याबाई येतो म्हणाल्या तर त्यांना पाय ठेवायला बालटी मी नेतो.

गावची_आशा

येते म्हनते. बालटी तिचीच आनन, तुमची बुटकी पडन.